प्रेसमधला राम

आमच्या प्रेसमध्ये राम राम म्हणायला मनाई होती. हे सांगितलं की ऐकणारा लगेच मान डोलावतो आणि म्हणतो, "निजामाचं राज्य होतं ना, चालायचंच." मला याचा फार राग येतो. अर्धं ऐकून पूर्ण समजल्याचा आव आणणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही. मनाई निजामानं घातली नव्हती, त्याच्या तहसीलदारानं घातली नव्हती. ती घातली होती आमच्या मिस्त्रीनं, आणि तो मिस्त्री शनिवारी मारुतीला तेल वाहिल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे.

प्रेस म्हणजे रुई दाबून तिच्या गाठी बांधायचा कारखाना. घाटनांदूरच्या बाजूला, गावाबाहेर, दगडी भिंतीच्या आवारात तो होता. शेजारच्या जीनमध्ये कापसातून सरकी निघायची आणि रुई आमच्याकडे यायची. मोकळी रुई म्हणजे नुसता फुगवटा. गाडीत भरली तर दिसायला डोंगर आणि वजनाला काही नाही, वाऱ्यावर उडून जाईल ती वेगळीच. ती दाबून दगडासारखी केल्याशिवाय रेल्वेनं पुढं पाठवायची सोय नव्हती.

दाबायचं काम करायचा तो राम. जमिनीखाली एक जाड लोखंडी नळकांडं पुरलेलं होतं आणि त्यात कवेत न मावणारा लोखंडी खांब. पंपानं नळकांड्यात पाणी घुसवलं की हा खांब वर चढायचा. त्याच्या डोक्यावर लोखंडी पाट होता, तोच रुईच्या पेटीचा तळ. पाट वर यायचा आणि पेटीतली रुई माथ्यावरच्या लोखंडी तुळईशी दाबली जायची. यंत्र बसवायला आलेला गोरा साहेब या खांबाला रॅम म्हणायचा, असं मिस्त्री सांगे. आमच्या लोकांनी ते ऐकलं आणि ते त्यांना ताबडतोब पटलं. एखाद्या गोष्टीत दम नसला की आपण म्हणतो, ह्यात काही राम नाही. इथं तर राम डोळ्यांना दिसत होता.

मी तुडव्या होतो. पेटी उंच, विहिरीसारखी, सागवानी फळ्यांची. वरून रुई पडत राहायची आणि आत उतरलेल्या माणसानं ती पायांनी तुडवत तुडवत वर वर यायचं. आम्ही धनगर. माझे पाय मेंढरांमागं बालाघाट चढून उतरून तयार झालेले. मिस्त्रीनं मला कामावर घेतलं ते चेहरा न बघता, पोटऱ्या बघून. बैल घेताना माणूस निदान दात तरी बघतो, यानं तेही बघितले नाहीत. पेटी भरली की मी काठावरून बाहेर पडायचो, बाजूला उभा राहायचो आणि एकच शब्द ओरडायचो, राम. इंजिन आणि पंपांच्या धडधडीत बाकी फारसं काही ऐकू जात नसे, हा शब्द मात्र जायचा. तो कानावर पडला की पलीकडं दांड्याशी बसलेला गडी दांडा ओढायचा आणि खांब चढायला लागायचा. दाबलेल्या गाठीला लोखंडी पट्ट्या आवळून झाल्या की मी 'उतार' म्हणायचो.

आता मनाई कशासाठी होती हे कुणाच्याही ध्यानात येईल. पेटीत माणूस असताना कुणी सहज 'राम राम पाव्हणं' म्हटलं आणि तिकडं दांडा ओढला गेला, तर रुईबरोबर त्या माणसाचीही गाठ बांधली जायची. म्हणून आवारात पाय ठेवला की सगळ्यांनी एकमेकांना सलाम म्हणायचं. कपाळाला गंध लावलेली, गळ्यात माळ घातलेली माणसं सकाळी फाटकात एकमेकांना मोठ्या अदबीनं सलाम करताना पाहून बाहेरगावचे गाडीवाले चकित होत.

मनाई एवढ्यावर थांबली नव्हती. दांड्याशी बसणाऱ्याला शब्दाचा एखादा तुकडाच ऐकू येतो, असं मिस्त्रीचं म्हणणं. त्यामुळं आराम हा शब्द गेला. त्याच्या जागी आम्ही 'दम खातो' म्हणायचो. ज्यांच्या नावाच्या शेवटी राम होता, आणि आमच्या मुलखात निम्म्या गड्यांच्या असतो, त्यांनी तेवढा फाटकाबाहेर ठेवून आत यायचं. जेवणाच्या सुट्टीत बाया रामफळ खात, पण त्याचं नाव घेत नसत. सगळ्यात मोठा त्याग खुद्द मिस्त्रीचा होता. हरामखोर ही त्याची आवडती शिवी, जिभेवर कायम तयार. ती त्याला सोडावी लागली. बदमाशावर तो भागवायचा, पण त्यात त्याला चव लागत नसे हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

"मंग शबूदच बदला की मिस्त्री," मी एकदा म्हणालो.

"रामाला राम न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं बे?" तो म्हणाला. "दुसरा कोनताबी शबूद मानूस बेसावधपनी बोलतो. ह्यो बोलताना सुद्धीवर ऱ्हातो."

मिस्त्रीचं हे एकच म्हणणं मला कधी पटलं नाही. आमच्या मुलखात सगळ्यात बेसावधपणे बोलला जाणारा शब्द हाच. पण मिस्त्रीशी वाद घालून कुणी जिंकलेलं नव्हतं. तो मुळीच नम्र माणूस नव्हता. स्वतःची तारीफ स्वतःच करायचा, कारण दुसऱ्याला ती नीट जमणार नाही असं त्याला वाटे. "बीडपासून हैदराबादेपर्यंत ह्या यंत्राची नस माझ्याबिगर कुनाला गावायची न्हाई," असं तो भाकरी मोडता मोडता म्हणायचा. लोक माघारी हसायचे. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर मला तो माणूस फार आवडायचा, आणि त्याच्या बढाईत खोटं फार थोडं होतं.

त्यानंच मला झडपा समजावल्या. पाण्याला जोर येतो तो पंपामुळं, एवढं कुणालाही दिसतं. त्या जोरानं कुठं जायचं, कधी थांबायचं, परत किती सावकाश यायचं, हे झडपा ठरवतात. मिस्त्रीनं प्रत्येक झडपेला नाव ठेवलं होतं आणि तो त्यांच्याशी बोलायचासुद्धा.

पंपाच्या पुढं नळीत होती तिचं नाव नाका. मोगलाईच्या हद्दीवरचा करोडगिरीचा नाका आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. तिथं गेलेली जकात कधी परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ही झडपही तशीच. पंपानं पाण्याचा घोट ढकलला की उघडायची, घोट पुढं गेला की टक्कन मिटायची, आणि पाण्याला मागं फिरू द्यायची नाही. त्यामुळं पंप बंद पडला तरी चढलेला राम जिथल्या तिथं उभा राही. दांड्याच्या झडपेला तो पाटील म्हणे. पाणी कुणीकडं वळवायचं ते तिच्या हातात. दांडा ओढला की पाणी खांबाखाली, ढकलला की खांबाखालचं पाणी परतीच्या नळीनं हौदात.

त्या परतीच्या नळीवर एक हातचाक होतं, तो मुनीम. पाणी सोडायचा, पण मुनीम उचल देतो तसं, चिमटीनं. चाक जेवढं पिळावं तेवढी वाट अरुंद व्हायची आणि खांब तेवढा सावकाश उतरायचा. तो नसता तर एवढं थोरलं धूड धाडकन खाली बसलं असतं आणि नळकांडं तडकलं असतं.

माझी आवडती होती आत्याबाई. पंप आणि नाका यांच्यामध्ये तिचं ठाणं. एक आडवी लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला टांगलेलं जड वजन, त्या वजनानं खाली दाबून धरलेली झडप. दाब हद्दीत असेतो बाई गप्प. हद्द ओलांडली की पट्टी उचलली जायची, फुस्स करून जादा पाणी हौदात पडायचं, आणि राग ओसरला की बाई पुन्हा आपल्या जागेवर. मिस्त्री म्हणायचा, "घरात एक आत्या असावी बे. न्हाईतर घर फुटतं." माझ्या स्वतःच्या आत्याला ओळखणाऱ्या मला हे लगेच पटलं.

आणखी एका गोष्टीचं मला त्या वयात नवल वाटे आणि अजूनही वाटतं. आमचा मुलूख पाण्याला महाग. आड आटलेले असत, बाया घागरी घेऊन कोरड्या नदीत झरे उकरत असत, आणि इकडं प्रेसचं पाणी हौदातून पंपात, पंपातून खांबाखाली, खांबाखालून पुन्हा हौदात, असं दिवसभर राबत असे. थोडं गळायचं तेवढंच वरून ओतायचं. एवढ्या थोड्या पाण्याकडून एवढं काम करून घेता येतं, हे पाहिल्यावर मला दुसरं कुठलं काम करावंसं वाटेना.

आणि तिथंच माझं आणि आबांचं बिनसलं.

आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर मेंढरं राखलेली. सुगी झाली की ते कळप घेऊन उमापूरकडच्या काळ्या रानात उतरायचे, शेतकऱ्यांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत डोंगरावर यायचे. त्यांचा गुडघा दुखायला लागला होता आणि त्यांच्या मनात होतं की आता कळप मी सांभाळावा. तेवढं असतं तर मी कदाचित काही तडजोड काढली असती. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की तुमचा मुलगा काम करतो तिथं देवाचं नाव घेऊ देत नाहीत.

त्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तोंडातून राम निघंना ती जागा मानसाची न्हाई."

"आबा, ते कशापायी ते तरी ऐका," मी म्हणालो.

ते उठले आणि मेंढरांकडं गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगायला गेलो, ते पुन्हा उठले. आबांना न पटणारी गोष्ट समजावायची म्हणजे आधी त्यांना बसवून ठेवायला हवं, आणि ते आजवर कुणाला जमलं नव्हतं. निघताना त्यांनी मला ऐकवलं, "ह्या हंगामात मी सोता येतो. चल म्हनलं की चलायचं."

आबा 'चल' म्हणाले आणि कुणी चाललं नाही असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. मेंढरं ऐकत, कुत्री ऐकत, आम्हीही ऐकत आलो होतो. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती आणि प्रेस सोडायची तयारी नव्हती. ते येतील तो दिवस माझा प्रेसमधला शेवटचा, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या हंगामात फाटकाकडं नजर ठेवूनच मी रुई तुडवली.

ते आले तेव्हा नेमका मी फाटकाकडं बघत नव्हतो. बघू शकतच नव्हतो, कारण पेटीत होतो.

नेहमीचा दांडेवाला हिवतापानं घरी पडला होता. त्याच्या जागी बसलेला गडी नवा होता, कामाला वाईट नव्हता, पण मिस्त्रीला इतका भ्यायचा की शब्द कानावर पडायच्या आतच त्याचा हात हलायचा. फाटकावर गाड्यांची रांग लागली होती आणि चौकीदार गाडीवाल्यांशी हुज्जत घालत होता. त्या गर्दीतून आबा सरळ आत आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पाठीला भाकरीचं गाठोडं. चालत आले होते, मुक्काम करत करत, दुखऱ्या गुडघ्यानं.

पेटी जवळजवळ भरत आली होती. मी मांडीपर्यंत रुईत होतो आणि डोक्यावर तुळई हात वर केला तर लागेल एवढ्यावर आलेली. आबा प्रेसघराच्या दारात उभे राहिले. तिथली माणसं सलाम म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, का म्हणतात ते ठाऊक नव्हतं. हट्टानं त्यांनी छाती भरून घेतली आणि डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाच्या मेंढरांना हाक घालणाऱ्या आवाजात म्हणाले, "राम राम."

इंजिनाच्या वर ऐकू गेलेला त्या आवारातला तो एकच नमस्कार.

दांडा ओढला गेला. मला आधी कळलंच नाही. वाटलं पायाखालची रुई फुगतेय. मग लक्षात आलं की फुगत नाही, वर येतेय, आणि मीही. बाहेर पडायला पाय उपसायला गेलो तर निघेनात. मोकळी रुई पाय सोडते, दाबली जाणारी रुई चिखलासारखी धरून ठेवते. मी ओरडलो, पण त्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मान खाली घातली तेव्हा तुळई खांद्यांना लागली, मग पाठीला. तिचं लोखंड गार होतं, एवढं मला आठवतं.

आबांचं येणं आणि हे पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. नंतर इतक्या वेळा आणि इतक्या जणांकडून ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं आहे.

मिस्त्री आत्याबाईशी उभा होता. दांडा प्रेसघराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये पट्टे फिरत होते. तिकडं धावला असता तर पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. तो धावला नाही. आत्याबाईच्या पट्टीखाली त्यानं खांदा घातला आणि पट्टी वजनासकट उचलून धरली. झडप सताड उघडली. पंपाचं सगळं पाणी फसफसत हौदात पडायला लागलं. पंप चालूच होता, पण त्याच्या जोराला आता दुसरी सोपी वाट मिळाली होती. नाका टक्कन मिटला, आणि मला तुळईशी दाबणारा खांब जिथं होता तिथंच राहिला. वर आला नाही. खालीही गेला नाही. श्वास अर्धाच आत जात होता, पण जात होता.

आता खांब उतरवायचा होता, आणि खरी अडचण तिथं होती. नुसता दांडा उलटा ढकलला तर खांब झपकन खाली बसला असता, आणि वरची सुटी रुई माझ्यासकट आत कोसळून मी तिच्यात गाडला गेलो असतो. आधी मुनीम आवळायला हवा होता, मग पाटील फिरवायचा, मग मुनीम हलके हलके सोडायचा. मिस्त्रीच्या खांद्यावर पट्टी होती, ती सोडून त्याला हलता येत नव्हतं. नवा दांडेवाला दांड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटून बसला होता. आणि मुनिमाच्या चाकाशी सगळ्यात जवळ उभा होता तो घोंगडीवाला, ज्याच्या एका शब्दानं हे सगळं झालं होतं, आणि ज्याला पेटीत कोण आहे हे अजून माहीतही नव्हतं.

मिस्त्रीनं घोंगडं पाहिलं. धनगर आहे एवढं त्याला कळलं आणि तेवढं पुरलं.

"पाव्हणं," तो ओरडला, "त्ये चाक पिळा. पार आवळा."

आबांनी काठी टाकली आणि चाक पिळलं.

"आता तू, दांडा ढकल. उतार!" तो दांडेवाल्यावर गरजला, आणि त्या शब्दासरशी त्यानं डोळे उघडून दांडा ढकलला. "आन् पाव्हणं, चाक सोडायचं, पर हळू. आडलेल्या मेंढीचं कोकरू काढता तसं. वढायचं न्हाई. येईल तसं येऊ द्यायचं. आत मानूस हाय."

असल्या वेळी ज्याच्या तोंडून नेमका समोरच्याच्या हातांना समजेल तोच शब्द निघतो, त्याला मी मोठा माणूस म्हणतो. मिस्त्रीनं पाटील, मुनीम, दाब, वाट असलं काही सांगितलं असतं तर आबा गोंधळले असते. कोकरू म्हटल्यावर त्यांच्या हातांना काही शिकायची गरज उरली नाही. त्या हातांनी किती आडलेल्या मेंढ्या सोडवल्या होत्या त्याला गणती नव्हती. चाक केसभर सुटलं. खांब केसभर उतरला. माझ्या पाठीवरून लोखंड निघालं, मग मानेवरून. रुई पाय सोडेपर्यंत आबांनी एकदाही घाई केली नाही. सगळेजण सांगत की ते पेटीकडं बघतसुद्धा नव्हते, चाकावर हात ठेवून नळीचा आवाज ऐकत होते.

लोकांनी मला काखेत धरून बाहेर काढलं. अंगभर रुई चिकटलेली, चेहरा पांढरा, तसा मी फरशीवर बसलो. कुणीतरी माझ्या तोंडावरची रुई पुसली. तेव्हा आबांनी पाहिलं की पेटीत कोण होतं.

त्यांचा हात चाकावरच होता. तो त्यांना सोडवेना. मिस्त्रीनं पंप बंद करवला, पट्टी खाली ठेवली आणि खांदा धरून त्यांच्याजवळ आला. त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता आणि आत कातडं सोललं होतं. दांडेवाल्याकडं पाहून त्यानं तोंड उघडलं, ती जुनी शिवी अगदी ओठावर आली, आणि इंजिन थंड होत असतानाही त्यानं ती गिळली. "बदमाश," एवढंच तो म्हणाला. मग आबांच्या हातावर हात ठेवून त्यानं एकेक बोट चाकावरून सोडवलं.

"ह्यो शबूद म्हनला की त्यो खांब वर जातो, पाव्हणं," तो म्हणाला. "म्हून हितं म्हनत न्हाईत. दुसरं काई कारन न्हाई."

दिवाळीपासून मी आबांना जे सांगायला धडपडत होतो ते एवढंच होतं. त्या दिवशी ते उठून मेंढरांकडं गेले नाहीत. खाली बसले, आणि मिस्त्रीला म्हणाले, "समदं सांगा." मिस्त्रीनं सोललेल्या खांद्यानं त्यांना नाका दाखवला, पाटील दाखवला, मुनीम दाखवला. ते चाक तर त्यांच्या हाताच्या ओळखीचं झालंच होतं. आत्याबाईपाशी आबा बराच वेळ थांबले. वाकून त्यांनी ते वजन हातानं तोलून पाहिलं, आणि मग मिस्त्रीच्या खांद्याकडं पाहिलं.

"ह्ये तुमी उचलून धरलतं?"

"बीडपासून हैदराबादेपर्यंत दुसरा कुनी धरणार न्हाई," मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मग आबा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "चल."

जीव वाचला तो एवढ्यासाठीच, असं मनात आलं. मी उठून उभा राहिलो. नाही म्हणायचा विचारसुद्धा केला नाही.

"चल," आबा म्हणाले, "हात धू. भाकरी आनलीय. तुज्या मिस्त्रीला बी बलीव."

आवारातल्या लिंबाखाली आम्ही तिघं जेवलो. आबा एकच भाकरी मिस्त्रीपुढं पुन्हा पुन्हा सरकवत होते आणि मिस्त्री ती पुन्हा पुन्हा परत सारत होता. मेंढरांचा विषय निघाला नाही. निघताना आबा फाटकापाशी वळले. सवयीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि हात कपाळाला नेऊन त्यांनी मिस्त्रीला सलाम केला. मग रस्त्याला लागले, भिंत मागं पडू दिली, आणि पार ओढ्यापलीकडं गेल्यावर तिकडून त्यांचा आवाज ऐकू आला. राम राम. मिस्त्री म्हणाला, "लई मोठा गळा हाय तुज्या बापाचा." हे कौतुक होतं, आणि मिस्त्री दुसऱ्याचं कौतुक करत नसे.

कळप पुढं माझ्या धाकट्या भावानं सांभाळला. मी तुडव्याचा दांडेवाला झालो आणि मिस्त्री म्हातारा झाल्यावर झडपा माझ्याकडं आल्या. आबांना मात्र एक सवय लागली ती सुटली नाही. कुणाला राम राम घालायचा तर आधी इकडं तिकडं नजर टाकायची. देवळात असोत, बाजारात असोत, उमापूरच्या मोकळ्या रानात असोत, आधी बघायचं आणि मग म्हणायचं. गावातली माणसं त्यांची चेष्टा करत.

त्यांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि प्रेसही बंद पडली होती. खांब, नळ्या, झडपा सगळं कुणीतरी मोडीत नेलं होतं. मी घरीच होतो. दुपारची वेळ होती, ओसरीत माणसं बसली होती. आबांना धड ओळख पटत नव्हती. भावकीतला एक वडीलधारा त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आबा, राम म्हना."

आबांनी डोळे उघडले. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, पुन्हा उजवीकडं पाहिलं. कुणाला तरी शोधत होते. ओठ हलले.

"पेटीत कुनी न्हाई न्हवं?"

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. वात झालाय, कुणीतरी म्हणालं. मी पुढं सरकलो आणि त्यांचा हात हातात घेतला.

"न्हाई आबा. मी भाईर हाय. हितं, तुमच्यापाशी."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर हात फिरवला, रुई पुसल्यासारखा. मग त्यांनी राम म्हटला.